हरवला आहे: उंची सात फूट

रूडी स्टेंगल हा माणूस हलकट आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको की नॉर्बर्टने मनात ठेवलं आणि तोंडावर गोड बोलला. मी मनात काही ठेवत नाही. डॉक्टरांनीच सांगितलंय, ठेवू नका म्हणून.

हा रूडी माझ्या समोरच्या घरात राहतो, आणि सतरा वर्षं आमच्या मिलवॉकीच्या बास्केटबॉल संघाच्या घरच्या मैदानावरच्या प्रत्येक सामन्याला माझ्या शेजारी बसतो. विभाग दोनशे चौदा, नववी रांग, खुर्ची पाच माझी, सहा त्याची. मध्ये हात टेकायला एकच दांडी. पूर्वार्धात ती त्याची, उत्तरार्धात माझी. सतरा वर्षांत या कराराचा भंग झालेला नाही, एकदा सोडून, आणि तेव्हा त्याचा खांदा निखळला होता.

तर त्या रविवारी दुपारी प्लेऑफचा, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेरीचा, चौथा सामना आम्ही तीन गुणांनी हरलो. डेट्रॉईटवाल्यांशी दोन-दोन अशी बरोबरी झाली. चार जिंकेल तो पुढे, हरेल तो घरी. म्हणजे अजून काहीही बिघडलेलं नव्हतं. मी शांतपणे गाडी चालवत होतो. एप्रिल संपत आला तरी मिलवॉकीच्या रस्त्याच्या कडेला काळा बर्फ साचलेला होता. त्याच्याकडे बघत रूडी म्हणाला, "तुझा ब्रिजवॉटर प्लेऑफ आला की गायब होतो."

तुझा! म्हणजे तो सात फुटी माणूस मी दत्तक घेतलाय!

"गायब?" मी म्हटलं. "अडतीस मिनिटं मैदानावर होता तो."

"अकरा गुण केले. पंधरा वेळा चेंडू टाकला, चारदा आत गेला. याला मी गायबच म्हणतो. पेलरिनने एकतीस केले, ते बघ."

"अरे, पेलरिनला ते करायला मोकळी जागा कोण करून देतो? त्याच्या मागे धावणाऱ्याच्या वाटेत भिंतीसारखं कोण उभं राहतं?"

"उभे खांबसुद्धा राहतात, नॉर्ब. त्यांना कुणी कोट्यवधी देत नाही."

आता मी विम्याच्या कंपनीत एकतीस वर्षं दावे तपासले आहेत. छप्पर गारांनी फुटलं की मेव्हण्याच्या शिडीने, हे मी खालून बघून सांगतो. पुरावा म्हणजे काय ते मला कळतं. प्रत्येक सामन्याला मी वही घेऊन बसतो. कोण मैदानावर असताना आपण किती पुढे गेलो, किती मागे पडलो, सगळं त्यात असतं. मी म्हटलं, "ब्रिजवॉटर खेळला त्या अडतीस मिनिटांत आपण नऊ गुणांनी पुढे होतो. तो बसला त्या दहा मिनिटांत बारा गुणांनी मागे. नवातून बारा गेले, उणे तीन. तीन गुणांनीच हरलो ना? आता बोल!"

रूडी खिडकीबाहेर बघत म्हणाला, "वहीत असेल. मला तर दिसला नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सिग्नलला गाडी थांबली होती. मी दार उघडलं, खाली उतरलो, म्हटलं, "तुझ्यासारख्या माणसाबरोबर एका गाडीत बसायची माझी इच्छा नाही," आणि दार आपटून ताठ मानेने चालू लागलो.

पन्नास पावलं गेल्यावर लक्षात आलं की गाडी माझी होती.

मागे वळणं शक्यच नव्हतं. माणसाला मान असतो. मागचे भोंगे वाजवत होते, आणि मी बुटात बर्फाचं पाणी घेऊन दीड मैल चाललो. घरी पोहोचलो तर गाडी दारात उभी होती, अर्धी रस्त्यावर आणि अर्धी लोरेटाच्या फुलझाडांच्या वाफ्यात. किल्ली टपालपेटीत होती. रूडीने डोळ्यांच्या ऑपरेशननंतर स्वतःची गाडी विकून टाकली होती, त्यामुळे त्याचा सराव गेला होता. मी त्याला धन्यवाद म्हणणार होतो की काय? मुळीच नाही.

लोरेटा, म्हणजे माझी बायको, सूपचं पातेलं घेऊन उभी. "रूडी जेवायला आला नाही?"

त्याची मार्ज चार वर्षांपूर्वी गेली, तेव्हापासून सामना संपला की तो आमच्याकडेच जेवतो. मी म्हटलं, "तो माणूस या घरात यापुढे जेवणार नाही."

"काय केलं त्यानं?"

"ब्रिजवॉटर गायब होतो म्हणाला."

लोरेटाने माझ्याकडे बघितलं, मग पातेल्याकडे, आणि एक वाडगा परत कपाटात ठेवला. तो तिने ठेवला नसता तर मला बरं वाटलं असतं, पण हे मी तिला सांगितलं नाही.

सोमवारी सकाळी मी अंगणात पाटी लावली. आमच्याकडे मनात काही असलं की लोक अंगणात पाटी लावतात. निवडणुकीत अख्खी गल्ली पाट्यांनी भरते. त्यामुळे मी काही विचित्र केलं असं कुणी म्हणू नये. पाटीवर फक्त सत्य होतं: 'ब्रिजवॉटर मैदानावर: अधिक नऊ. ब्रिजवॉटर बाकावर: उणे बारा. विचार करा.'

पहिला सल्ला आला शेजारच्या कोल्बबाईंचा. वय ब्याऐंशी, हातात कुत्र्याची दोरी, कुत्रा मात्र दोन वर्षांपूर्वीच वारलेला. सवय जात नाही म्हणतात. त्या म्हणाल्या, "नॉर्बर्ट, अक्षरं बारीक झाली. रूडीला इतक्या लांबून शिवीसुद्धा वाचता येणार नाही, आणि तू तर गणित घातलंयस."

"मला शिवी द्यायचीच नाही, कोल्बबाई. मला पटवून द्यायचंय."

"मग तर अजून मोठी काढायला हवीत," त्या म्हणाल्या. "आणि खरं सांगू का? तुम्ही दोघंही गाढव आहात. चुकलाय तो प्रशिक्षक."

दुपारपर्यंत समोर रूडीची पाटी उभी राहिली. 'पंधरापैकी चार.' बस्स, एवढंच. मला त्या पाटीच्या उद्धटपणाचाच संताप आला. माझ्या पाटीवर किमान 'विचार करा' अशी विनंती तरी होती!

मग मी गॅरेजमधून प्लायवूडचा अख्खा तुकडा काढला, चार फूट बाय आठ फूट, आणि त्यावर चारही सामन्यांचा आलेख काढला. ब्रिजवॉटर खेळतो तेव्हा हिरवी रेघ, बसतो तेव्हा लाल. लोरेटा म्हणाली, "लोकांना वाटेल, घर विकायला काढलंय आणि भाव पडलाय." मी लक्ष दिलं नाही. टपालवाला थांबून दहा मिनिटं आलेख बघत राहिला, शेवटी म्हणाला, "मला हॉकी आवडते." असे लोक टपाल वाटतात!

मंगळवारी नगरपालिकेचे फेल्प्स आले. हातात टेप, बगलेत नियमांची फाईल. प्लायवूड मोजून म्हणाले, "बत्तीस चौरस फूट. परवानगी सहाची आहे."

"रूडीने तक्रार केली?"

"तक्रारदाराचं नाव सांगता येत नाही. तुमच्या आलेखाची हिरवी रेघ शाळेच्या बसच्या ड्रायव्हरला सिग्नल वाटली." फेल्प्सनी फाईल उघडली. "शिवाय प्रकार कोणता ते लिहावं लागेल. निवडणूक, घरविक्री, जुन्या सामानाची विक्री, पदवी मिळाल्याचं अभिनंदन, हरवले-सापडले. तुमचं यात कशात बसतं?"

"सत्यात."

"तो रकाना नाही."

"मग इतर?"

"इतरसाठी मंडळासमोर सुनावणी. पुढची तारीख जूनमध्ये."

"जूनमध्ये प्लेऑफ संपलेले असतील हो!"

"आपल्यासाठी तर त्याआधीच," फेल्प्स म्हणाले, आणि आवाज खाली आणून पुढे म्हणाले, "मी ड्यूटीवर आहे, मत देता येत नाही. पण तुमचा ब्रिजवॉटर गायब होतो, हे खरंय."

तुमचा! पुन्हा! मी त्यांच्या देखत प्लायवूड उपटलं, आणि उपटताना ते माझ्याच पायावर पडलं. फेल्प्सनी ते नोंदवलं नाही, कारण पायासाठीही रकाना नव्हता.

बुधवारी पाचवा सामना डेट्रॉईटला होता, आम्ही जिंकलो. तीन-दोन. मी सोफ्यावरून, पाय बर्फाच्या पिशवीत ठेवून, खिडकीतून समोर बघितलं. रूडीच्या घरात टीव्ही चालू होता. इतर वेळी अशा विजयानंतर तो दार उघडून भोंग्यासारखा ओरडतो आणि मी उलट ओरडतो. दार उघडलं नाही. मला काही फरक पडला नाही. पडदा ओढायला मात्र मी विसरलो.

आणि गुरुवारी सकाळी! गुरुवारी सकाळी समोर नवी पाटी. नीट सहा चौरस फुटांची, कोपऱ्यात नगरपालिकेचा मंजुरीचा शिक्का. वर ब्रिजवॉटरचा फोटो, आणि खाली:

'हरवला आहे. उंची सात फूट. शेवटचा मार्चमध्ये दिसला. कुणास आढळल्यास संघाला कळवावे.'

हरवले-सापडले! त्या रकान्यात मंजूर करून आणलं त्याने! माझं सत्य बेकायदा, आणि त्याची टवाळी कायदेशीर! कोल्बबाई दोरी घेऊन त्या पाटीसमोर उभ्या राहून इतक्या हसल्या की त्यांना माझ्याच पायरीवर बसवून पाणी द्यावं लागलं. "मला माफ कर, नॉर्बर्ट," त्या डोळे पुसत म्हणाल्या, "पण 'शेवटचा मार्चमध्ये दिसला'..." आणि पुन्हा सुरू. पाणी देणारा मी होतो, हे लक्षात घ्या.

नेमकी त्याच तासाला शनिवारच्या सामन्याची तिकिटं फोनवर आली. सहावा सामना, घरचा, दुपारी अडीचचा. जिंकलो तर पुढची फेरी. खातं माझ्या नावावर असल्यामुळे दोन्ही तिकिटं माझ्याकडे येतात, आणि रूडीचं मी त्याला पाठवतो. गेली पाच वर्षं हे असं चाललंय.

आता पुढे मी जे केलं त्याबद्दल मला कुणी काही बोलू नये. मी चिडलो होतो. माझ्या बाजूने विचार करा. मी ठरवलं, या वेळी सहा नंबरच्या खुर्चीत लोरेटा बसेल. त्या माणसाने घरी टीव्हीसमोर बसून आपला हरवलेला माणूस शोधावा. मी तिकिटांवर बोट ठेवलं, 'पाठवा' दाबलं, नावांच्या यादीतलं पहिलं नाव निवडलं, 'नक्की?' असं विचारल्यावर 'नक्की' दाबलं. रागात माझं बोट फार जोरात पडतं.

फोनवर अक्षरं आली: 'रूडी एस. यांना दोन तिकिटं पाठवली.'

पाच वर्षं मी एकाच माणसाला तिकीट पाठवत होतो. यादीत पहिलं नाव दुसऱ्या कुणाचं असणार?

आणि दोन! माझंसुद्धा!

मी तिकिटवाल्यांच्या मदत केंद्राला फोन लावला. 'आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' हे वाक्य मी बावन्न वेळा ऐकलं, मधे सॅक्सोफोन. लोरेटा मध्येच येऊन म्हणाली, "कुणाशी बोलतोयस?"

"कुणाशी नाही. तुला शनिवारी सामन्याला नेणार होतो, त्यात घोळ झाला."

"मला? शनिवारी माझ्या भाचीची लग्नाआधीची पार्टी आहे. तीन आठवडे फ्रिजवर चिठ्ठी लावलीय. आणि मला नेऊन रूडीला कुठे बसवणार होतास?"

मी सॅक्सोफोन ऐकत राहिलो. लोरेटाला सगळं कळलं. ती कोट घालून, दार अगदी हळू लावून बाहेर गेली. आमच्या लग्नाला छत्तीस वर्षं झाली, आणि ती ओरडते तेव्हा मला एवढी भीती वाटत नाही.

अखेर ब्रिॲना नावाची मुलगी फोनवर आली. आवाज साखरेचा. "सर, समोरच्यांनी तिकिटं स्वीकारली नसतील तर मी लगेच परत घेते. बघू हं... अरेरे. चार मिनिटांपूर्वी स्वीकारली."

"दोन्ही?"

"दोन्ही. आता ती त्यांची आहेत. तुम्ही त्यांनाच विनंती करा ना, ते परत पाठवतील."

"त्यांना विनंती?" माझा आवाज इतका चढला की कोल्बबाई पायरीवरून आत डोकावल्या. "अहो ताई, त्या माणसाला मी विनंती करण्यापेक्षा..."

"सर, इथे दिसतंय की तुम्ही त्यांना आतापर्यंत दोनशे अकरा वेळा तिकीट पाठवलंय," ब्रिॲना म्हणाली. "मला वाटलं तुमचे मित्र असतील."

मी फोन ठेवला. मला त्या मुलीचा फार राग आला. अजून येतो.

कोल्बबाई म्हणाल्या, "जा आणि माग."

"मेलो तरी मागणार नाही."

"मेलास तर तिकीट लागणारच नाही," त्या म्हणाल्या, आणि आपल्या नसलेल्या कुत्र्याला घेऊन गेल्या.

शुक्रवार मी कसा काढला ते मला विचारू नका. सतरा वर्षांत घरचा एकही प्लेऑफ चुकला नव्हता. मूत्राशयात खडा होता तेव्हासुद्धा मी पाच नंबरच्या खुर्चीत होतो, आणि मला धरून बाहेर आणणारा कोण होता ते मी मुद्दाम सांगत नाही. राहून राहून एकच गोष्ट टोचत होती. त्याला काय वाटलं असेल? त्याला वाटलं असेल, नॉर्बर्टला आता माझ्या शेजारी बसायचंसुद्धा नाही, म्हणून आपलीही जागा माझ्या तोंडावर फेकली. हे खोटं होतं. मला त्याची जागा काढून घ्यायची होती, माझी सोडायची नव्हती. पण हे त्याला कोणत्या तोंडाने सांगणार? खरं त्या खोट्याहून वाईट होतं.

शनिवारी दुपारी एक वाजता मी वही बंद करून टीव्हीसमोर बसलो. लोरेटा पार्टीला गेली होती. जाताना म्हणाली, "एक दहा झाले की खिडकीतून बघ." मी म्हटलं, कशाला बघू? आणि एक आठलाच खिडकीशी गेलो.

रूडी त्याच्या टपालपेटीजवळ उभा होता.

सामना दुपारचा असला की एक वाजून दहा मिनिटांनी तो तिथे उभा राहतो आणि मी गाडी घेऊन जातो. सतरा वर्षं. आजही तसाच उभा होता, मार्जने विणलेली संघाची टोपी घालून, माझ्या घराकडे चक्क पाठ करून. एक बारा झाले. एक पंधरा. थंडीत पाय बदलत होता, पण पाठ तशीच. अशी मग्रूर पाठ मी जन्मात बघितली नाही.

मी वही घेतली, किल्ली घेतली, गाडी काढली, त्याच्यासमोर थांबवली. तो आत बसला, सीट मागे सरकवली, पट्टा लावला. चार सिग्नल मागे पडले. पाचव्याला, जिथे मी उतरलो होतो तिथे, माझ्याच्याने राहवलं नाही.

"ती तिकिटं चुकून गेली," मी म्हटलं. "तुझं लोरेटाला द्यायचं होतं. तुला घरी बसवायचं होतं मला. घे, आता कळलं ना? उतरायचं असेल तर उतर, पण गाडी माझी आहे हे लक्षात ठेव."

"ठाऊक आहे," रूडी म्हणाला. "लोरेटा गुरुवारीच येऊन सांगून गेली. तू फोनवर आहेस, तिकिटं परत घ्यायला निघालायस म्हणाली."

"आणि तरी दोन्ही स्वीकारलीस?"

"म्हणूनच स्वीकारली. एकच घेतलं असतं तर तू माझ्या जागेवर कुणाला तरी बसवलं असतंस." तो समोर बघत होता. "मला दुसऱ्या कुणाच्या शेजारी बसायची सवय नाही, नॉर्ब. आणि या वयात लावूनही घ्यायची नाही. सिग्नल हिरवा झालाय, चल."

मी गाडी चालवली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते हीटरमुळे. दारावर त्याने आपल्या फोनवरची दोन्ही तिकिटं दाखवली आणि माझ्याकडे अंगठा करून म्हणाला, "हा माझ्याबरोबर आहे." माझ्या खात्यावरच्या माझ्या खुर्चीवर मी त्याचा पाहुणा म्हणून गेलो. हे मी विसरणार नाही.

सामना आम्ही दोन गुणांनी जिंकलो. शेवटची चेंडूफेक पेलरिनची. आणि पेलरिनला जागा कुणी मोकळी करून दिली? सांगायला हवं का? दोन डेट्रॉईटवाले एकाच वेळी त्या सात फुटांवर आदळले आणि तो हलला नाही. वीस हजार माणसं किंचाळली. रूडीने दांडीवरून माझा हात ढकलून माझी मान आवळली. उत्तरार्ध चालू होता, दांडी माझी होती, पण मी बोललो नाही.

"बघितलंस?" मी त्याच्या कानात ओरडलो. "बघितलंस ना?"

"सहा गुण!" तो माझ्या कानात ओरडला. "अख्ख्या सामन्यात सहा!"

त्या संध्याकाळी लोरेटाने न विचारता तीन वाडगे काढले. रूडीने दोनदा सूप घेतलं.

मला वाटलं, झालं, संपलं. सोमवारी सकाळी मी कॉफी घेऊन खिडकीशी गेलो. फेल्प्स समोर उभे होते, हातात टेप. हरवलेला सापडला की दोन दिवसांत पाटी काढावी लागते, असा नियम आहे. रूडी त्यांना पाटीकडे बोट करून काही समजावत होता. मी चष्मा लावला. फोटो तोच, 'हरवला आहे' तेच. खाली ताज्या रंगात एक ओळ वाढवली होती:

'शनिवारी दोन मिनिटं दिसला. शोध चालू आहे.'

दोन मिनिटं! चाळीस मिनिटं खेळला तो! अधिक अकरा होता! वहीत आहे माझ्या! आणि फेल्प्स मान डोलावत शिक्का मारत होते!

मी कॉफी ठेवली, फोन घेतला. पुढच्या फेरीच्या पहिल्या घरच्या सामन्याची तिकिटं आली होती. नाव दोनदा वाचलं, आकडा तीनदा वाचला, आणि रूडीला एक तिकीट पाठवलं. मग पायात जाड बूट घातले आणि प्लायवूड आणायला गॅरेजमध्ये गेलो.